न लावलेली रोपे, न बोलावलेले पाहुणे: अण्णा नगरच्या परसबागेत काय राखावे, काय काढावे

चेन्नई शहराच्या वायव्य भागातील अण्णा नगर ही वसाहत रुंद रस्ते, आखीव चौक आणि झाडांच्या सावलीसाठी ओळखली जाते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ईशान्य मोसमी पावसाला प्रारंभ झाला की येथील घरांच्या आवारात, गच्चीवरील कुंड्यांमध्ये आणि कुंपणाच्या कडेला दरवर्षी एकच दृश्य दिसते. हौसेने पेरलेली वांगी आणि मिरची जमिनीबाहेर डोकावण्याआधीच, कोणीही न लावलेली रोपे तरारून वर येतात. त्यांच्यामागोमाग सुरवंट, बेडूक, गोगलगाई आणि क्वचित एखादा सापही आवारात दाखल होतो.

यांपैकी काय राखावे, काय काढावे आणि कशाला मुळीच हात लावू नये, याचा निर्णय बहुधा एखाद्या रविवारी सकाळी, खुरपे हातात घेऊन घाईघाईने केला जातो. या घाईत औषधी पाला कचऱ्यात जातो आणि विषारी बी अंगणात राहते. फुलपाखराची अळी मारली जाते आणि डासांच्या अळ्या कुंडीखालच्या बशीत सुखाने वाढतात. आधी ओळख आणि मग निर्णय, एवढा साधा क्रम पाळला तर यातील बहुतेक चुका टाळता येतात. कामानिमित्त चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने एक सोयीची बाब म्हणजे, येथे उगवणारी बहुतेक तणे महाराष्ट्रातही उगवतात. त्यांची नावे तेवढी निराळी आहेत.

प्रदर्शनाच्या मैदानावर उभी राहिलेली वसाहत

अण्णा नगर हे जुने गाव नव्हे. नडुवक्करै, मुल्लम, तिरुमंगलम आणि विल्लिवाक्कम या गावांच्या परिसरातील शेतजमिनी व मोकळ्या जागांवर ही वसाहत आकाराला आली. १९६८ मध्ये येथे आंतरराष्ट्रीय व्यापार प्रदर्शन भरविण्यात आले होते. त्या वेळी उभारलेला, सुमारे १३५ फूट उंचीचा विश्वेश्वरय्या मनोरा आजही उद्यानात उभा असून अनेक वर्षे बंद राहिल्यानंतर २०२३ मध्ये तो पुन्हा नागरिकांसाठी खुला करण्यात आला. प्रदर्शनानंतर तामिळनाडू गृहनिर्माण मंडळाने या भागाचा नियोजनबद्ध विकास केला आणि माजी मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुरै यांचे नाव वसाहतीला देण्यात आले.

सुरुवातीच्या आराखड्यात स्वतंत्र घरे आणि त्यांभोवती मोकळे आवार असे स्वरूप होते. नारळ, आंबा, कडुनिंब, शेवगा, कढीपत्ता आणि केळ ही झाडे जवळपास प्रत्येक आवारात असत. पुढे जमिनीचे भाव वाढले, घरांच्या जागी बहुमजली इमारती आल्या आणि अनेक आवारांवर फरशी बसली. आज अनेक कुटुंबांची बाग गच्चीवर किंवा सज्जात आहे. राज्य सरकारच्या फलोत्पादन विभागाने २०१३-१४ मध्ये चेन्नई आणि कोइंबतूर या शहरांसाठी अनुदानित गच्चीबाग संच देण्याची योजना सुरू केली. नारळाच्या भुश्याच्या विटा, लागवडीच्या पिशव्या आणि भाजीपाल्याचे बियाणे अशा वस्तूंमुळे माती नसलेल्या घरातही भाजी पिकू लागली.

तथापि, फरशीच्या फटीत, गटाराच्या कडेला आणि रिकाम्या भूखंडांवर जुन्या जमिनीच्या खुणा टिकून आहेत. वसाहतीतून ओट्टेरी नाला वाहतो आणि दक्षिणेला अरुंबाक्कमच्या बाजूने कूवम नदी जाते. दोन्ही प्रवाह प्रदूषित असले तरी त्यांच्या काठाने पक्षी, बेडूक आणि साप यांची ये-जा चालू असते. घरगुती बागा म्हणजे या ये-जा करणाऱ्या जीवांचे विसाव्याचे थांबेच होत.

दिनदर्शिका उलटी

महाराष्ट्रातून आलेल्या बागप्रेमींची पहिली चूक सहसा वेळेची असते. महाराष्ट्रात जूनमध्ये मृगाच्या पावसावर पेरणीचा हिशेब बसतो. चेन्नईत जून हा कडक उन्हाचा महिना असतो. शहरात वर्षभरात सरासरी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये सायंकाळच्या वळवासारख्या सरी येतात, पण त्यांचा भरवसा धरता येत नाही.

तमिळ शेतकऱ्यांत ‘आडी’ महिना गाठून बी पेरावे अशी म्हण रूढ आहे. आडी म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ, साधारण आपला आषाढ-श्रावण. या काळात लावलेली वांगी, भेंडी, घेवडा आणि वेलवर्गीय भाज्या मुख्य पावसापूर्वी मूळ धरतात. ऐन नोव्हेंबरात पेरलेले बी मात्र एका मुसळधार सरीत वाहून जाते किंवा कुजते. मे महिन्यात, ज्याला तमिळमध्ये ‘अग्नी नक्षत्रम्’ म्हणतात त्या दिवसांत, नवी लागवड न करता आहे त्या झाडांच्या मुळांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे हिताचे ठरते.

आपोआप उगवणारी तणेही हीच दिनदर्शिका पाळतात. त्यामुळे ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा अण्णा नगरमधील रानरोपे ओळखण्याचा उत्तम काळ समजला जातो.

खुरप्याखाली येणारी ‘कीरै’

तमिळ स्वयंपाकात पालेभाजीला ‘कीरै’ म्हणतात आणि तिचे प्रकार मोजायला दोन्ही हातांची बोटे अपुरी पडतात. अण्णा नगरला लागून असलेल्या कोयंबेडू येथे १९९६ पासून शहराची मोठी घाऊक भाजी व फूलबाजारपेठ आहे. तेथे जुड्या बांधून विकल्या जाणाऱ्या अनेक पालेभाज्या मुळात रानात उगवणाऱ्या आहेत. घराच्या कुंडीत तण म्हणून उपटलेले रोप आणि बाजारातून पैसे मोजून आणलेली जुडी एकच असण्याचा प्रसंग त्यामुळे विरळा नाही.

जमिनीलगत पसरणारी, जाड पानांची ‘परुप्पुक्कीरै’ म्हणजे मराठी घरांतील घोळाची भाजी. लालसर खोडाची आणि बारीक गुलाबी फुलांची ‘मुक्किरट्टै’ म्हणजे पुनर्नवा किंवा घेटुळी. ओलसर जागी वाढणारी ‘पोन्नांगण्णि’ म्हणजे कांचरी. पांढऱ्या, चकतीसारख्या फुलांचा ‘करिसलांगण्णि’ हा केसांच्या तेलासाठी प्रसिद्ध असलेला माका आहे. कुंपणावर चढणारा आणि फुग्यासारखी फळे धरणारा ‘मुडक्कत्तान’ म्हणजे कपाळफोडी. त्याच्या काळ्या बीवर हृदयाच्या आकाराची पांढरी खूण असते. याची कोवळी पाने वाटून तमिळ घरांत डोसे केले जातात. ‘मणत्तक्काळि’ म्हणजे कामोणी. तिचा पाला शिजवून खातात आणि फळे ताकात मुरवून, वाळवून, तळून भाताबरोबर वाढतात. ‘कुप्पैमेनि’ ही खोकली होय. तिच्या मुळांकडे मांजरे ओढली जातात, त्यामुळे उकरलेल्या कुंडीचे कोडे अनेकदा या रोपापाशी सुटते.

या सर्वांत विज्ञानाच्या इतिहासात नोंद झालेले रोप म्हणजे ‘कीळानेल्ली’, अर्थात भुईआवळी. काविळीवरील पारंपरिक उपाय म्हणून ती दक्षिणेत सर्वपरिचित आहे. मद्रास येथील संशोधक एस. पी. त्यागराजन यांनी १९७६ चे नोबेल पारितोषिक विजेते बारुक ब्लुमबर्ग यांच्यासमवेत हिपॅटायटिस-बी विषाणूच्या वाहक रुग्णांवर या वनस्पतीची चाचणी घेतली. तिचे आशादायक निष्कर्ष १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नंतर इतरत्र झालेल्या अभ्यासांत मात्र तसाच परिणाम दिसून आला नाही. अंगणातील रोपाचा आदर करावा, परंतु त्याच्या भरवशावर काविळीचा उपचार घरी करू नये, हाच यातील बोध आहे. सिद्ध वैद्यकाची केंद्रीय संशोधन परिषद अण्णा नगरला लागून असलेल्या अरुंबाक्कम येथेच असून त्याच आवारात भारतीय वैद्यक पद्धतींचे सरकारी रुग्णालयही आहे. औषधी म्हणून काही घ्यायचे असल्यास तज्ज्ञांचा सल्ला दूर नाही.

खाण्यासाठी पाला तोडताना तीन पथ्ये महत्त्वाची आहेत. गटाराच्या कडेचा, रस्त्यालगतचा किंवा फवारणी झालेल्या जागेचा पाला घेऊ नये. ओळखीबद्दल तिळमात्र शंका असल्यास खाऊ नये. कामोणीची हिरवी, कच्ची फळे कधीही खाऊ नयेत. त्यांत विषारी द्रव्य असते.

सुंदर, पण घातक

उपयुक्त रोपे उपटली जात असताना काही घातक झाडे शोभेची म्हणून जपली जातात. ‘अरळि’ या नावाने ओळखली जाणारी कण्हेर देवपूजेच्या फुलांसाठी आणि कुंपणासाठी सर्रास लावली जाते. लाल-पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर, दोन्हींचे सर्व भाग विषारी आहेत. पिवळ्या कण्हेरीची बी पोटात गेल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते आणि मृत्यूही ओढवू शकतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतील रुग्णालयांना या विषबाधेचा अनुभव नवा नाही. रिकाम्या भूखंडावरील धोत्रा, म्हणजे तमिळमधील ‘ऊमत्तै’, आणि कुंपणावरील गुंज, म्हणजे ‘कुन्रिमणि’, यांच्या बियांबाबतही हीच सावधगिरी आवश्यक आहे. लहान मुले असलेल्या घरी ही झाडे नसलेली बरी. असल्यास खाली पडलेली फळे रोज वेचून टाकावीत.

काढून टाकण्यास हरकत नसलेल्या, किंबहुना काढूनच टाकाव्यात अशा वनस्पतींत गाजरगवताचा क्रमांक वरचा आहे. मूळ अमेरिका खंडातील या तणाची भारतातील फैलावाची कथा महाराष्ट्रापासून सुरू होते. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात ते प्रथम ठळकपणे नोंदविण्यात आले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या परागकणांमुळे अनेकांना त्वचेचा दाह आणि श्वसनाचा त्रास होतो. फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणे हा घरगुती बागेतील सर्वांत सोपा उपाय होय.

कढीपत्त्यावरील अळी

कढीपत्ता आणि लिंबू ही दोन झाडे अण्णा नगरमधील बहुतेक घरांत असतात. त्यांच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काळे-पांढरे ठिपके आढळले, की अनेक जण कीटकनाशकाची बाटली हाती घेतात. प्रत्यक्षात त्या ‘कॉमन मॉर्मन’ किंवा लिंबू फुलपाखराच्या लहान अळ्या असतात. विष्ठेसारखे रूप हे पक्ष्यांपासून बचावाचे साधन आहे. मोठी झाल्यावर अळी हिरवी होते. तिला डिवचल्यास डोक्यामागून तांबूस, दुभंगलेले शिंगासारखे इंद्रिय बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. तो माणसाला अपायकारक नसतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभरात पूर्ण होतो.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ‘ब्लू मॉर्मन’ याच कुळातील असून त्याच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात. तामिळनाडूने २०१९ मध्ये ‘तमिळ योमन’ या फुलपाखराला हा मान दिला.

वाढलेल्या झाडाची काही पाने अळ्यांनी खाल्ल्याने झाड मरत नाही. लहान रोपावर अनेक अळ्या आल्या असतील तर त्या काडीने उचलून मोठ्या झाडावर सोडणे पुरेसे असते. फवारणी केलेला कढीपत्ता अखेरीस घराच्याच फोडणीत जातो, ही बाबही विसरता येणार नाही. रुईवर ‘प्लेन टायगर’, कण्हेरीवर ‘कॉमन क्रो’ आणि ईश्वरीच्या वेलावर ‘क्रिमझन रोज’ अशी प्रत्येक फुलपाखराची ठरलेली वनस्पती असते. ती वनस्पती गेली की ते फुलपाखरू त्या गल्लीत अंडी घालत नाही. केवळ रंगीत फुले लावून फुलपाखरे टिकत नाहीत, याचे कारण हेच आहे.

बागेचे विनावेतन सेवक

पावसाळ्याच्या रात्री पाण्याच्या टाकीच्या किंवा हौदाच्या कडेला साबणाच्या फेसासारखा पांढरट गोळा चिकटलेला दिसतो. घाण समजून तो धुऊन टाकला जातो. ते झाडबेडकाचे फेसाळ घरटे असते. त्यातील पिले यथावकाश खालच्या पाण्यात पडून वाढतात. हे बेडूक आणि कुंड्यांच्या आडोशाला बसणारे भेक रात्रभर किडे टिपतात. ऑक्टोबरमध्ये मैदानांवर थव्याने घिरट्या घालणारे चतुर उडते डास खातात आणि त्यांची पिले पाण्यातील डासांच्या अळ्यांवर जगतात.

आंबा किंवा लिंबाच्या झाडावर पाने एकमेकांना शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या कडकडून चावतात. परंतु फळझाडावरील किडींचा त्या बंदोबस्त करतात. चीनमधील संत्र्याच्या बागायतदारांनी याच कामासाठी या मुंग्यांचा वापर केल्याची नोंद इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात मिळते.

पक्ष्यांमध्ये शिंजीर, शिंपी, बुलबुल, तांबट, कोकीळ, पिंगळा आणि शिक्रा यांचा येथे नित्य वावर असतो. बुलबुल आणि शिंजीर सज्जातील वेलींवर किंवा टांगलेल्या कुंड्यांतही घरटे करतात. घरटे आढळल्यास ते न हलविता साधारण महिनाभर त्या कुंडीची छाटणी लांबणीवर टाकावी. तेवढ्या काळात पिले उडून जातात. खारीचे नुकसान टाळायचे असल्यास पक्व होत आलेल्या फळांना कापडी पिशवी बांधणे उपयुक्त ठरते. रात्री छपरावर पावलांचा आवाज करणारे उदमांजर शहरातील जुन्या घरांना परिचित आहे. ते फळांबरोबर उंदीरही खाते.

दोन खरे शत्रू

सहिष्णुतेला मर्यादा आहेत. घरगुती बागेतील सर्वांत धोकादायक प्राणी साप नव्हे, तर डास आहे. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरविणारा एडिस डास गटारापेक्षा स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालणे पसंत करतो. कुंडीखालची बशी, रिकामी पिशवी, नारळाची करवंटी, मनी प्लँटची बाटली ही त्याची आवडती ठिकाणे होत. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सर्व बशा रिकाम्या करून घासल्यास ही साखळी तुटते. अंडी बशीच्या कडेला चिकटून राहतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. पाण्याची टाकी आणि पर्जन्यजलाचे पिंप जाळीने घट्ट झाकणेही तितकेच आवश्यक आहे.

दुसरा शत्रू म्हणजे आफ्रिकन राक्षसी गोगलगाय, जिला महाराष्ट्रात शंखी गोगलगाय म्हणतात. मूळ पूर्व आफ्रिकेतील ही गोगलगाय १८४७ मध्ये कोलकात्यात आणली गेली आणि तेथून पसरली. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यातील कोवळ्या सोयाबीनचे तिने मोठे नुकसान केले होते. चेन्नईच्या बागांनाही तिचा उपद्रव होतो. दिवसा ती दगड-विटांखाली दडते आणि रात्री केळी, पपई, कोवळी भाजी फस्त करते. तिच्या शरीरात उंदरांच्या फुप्फुसातील एका कृमीच्या अवस्था असू शकतात व त्यांच्यामुळे माणसाला मेंदूच्या आवरणाचा दाह होण्याचा धोका असतो. म्हणून तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि बागेतील पालेभाजी नीट धुऊन, शिजवूनच खावी.

सायंकाळी ओले गोणपाट आणि त्याखाली पपईची किंवा कोबीची पाने ठेवल्यास सकाळी गोगलगाई एकत्र सापडतात. हातमोजे घालून त्या दाट मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकून नष्ट कराव्यात. मीठ थेट मातीवर टाकल्यास माती खराब होते. विषारी गोळ्यांमुळे मांजरे, कुत्री आणि पक्षी यांना धोका संभवतो.

साप दिसल्यास

पहिल्या मोठ्या पावसात बिळांत पाणी शिरते आणि साप कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतात. बागेत आढळणाऱ्या सापांत धामण, दिवड, कवड्या आणि गांडुळासारखा वाळा हे बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे भारतातील चार प्रमुख विषारी साप मानले जातात. यांपैकी नागाला तमिळमध्ये ‘नल्ल पांबु’, म्हणजे ‘चांगला साप’ म्हणतात. साप नेमका कोणता हे सामान्य माणसाला ओळखता येईलच असे नाही, आणि ओळखण्यासाठी जवळ जाण्याची गरजही नाही.

सुरक्षित अंतरावरून त्याच्यावर नजर ठेवावी, मुले आणि पाळीव प्राणी दूर न्यावेत आणि वनविभाग किंवा अग्निशमन दलाला कळवावे. सापाला मारणे किंवा परस्पर पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. शिवाय अनेक सर्पदंश सापाला मारण्याच्या प्रयत्नातच होतात.

दंश झाल्यास जखम कापू नये, रक्त शोषू नये, आवळून दोरी बांधू नये. दंश झालेला अवयव शक्यतो न हलविता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने तत्काळ रुग्णालय गाठावे. मण्यारीच्या दंशात वेदना अत्यल्प असते, त्यामुळे केवळ दुखत नाही म्हणून थांबणे जिवावर बेतू शकते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार म्हणून घोषित केला.

प्रतिविष तयार करण्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा पुरवठा चेन्नईच्या दक्षिणेला वडनेम्मेली येथील इरुळर समाजाच्या सर्पमित्र सहकारी संस्थेकडून होतो. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतील साप विष काढून घेतल्यानंतर पुन्हा निसर्गात सोडले जातात. याच समाजातील वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. सापाला टाळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे उंदरांना टाळणे. उघडा कचरा, विटांचे ढीग आणि पक्ष्यांसाठी टाकलेले जादा धान्य दूर केल्यास उंदीर येत नाहीत आणि त्यांच्यामागून सापही येत नाही.

पाणी, वारा आणि उघडी माती

परसबाग राखावी की फरशी बसवावी, या प्रश्नाचे उत्तर अखेरीस पाण्यापाशी येऊन थांबते. तामिळनाडूत २००३ मध्ये सर्व इमारतींना पर्जन्यजल संधारण बंधनकारक करण्यात आले. डिसेंबर २०१५ मध्ये शहर महापुरात बुडाले. त्यानंतर चारच वर्षांनी, जून २०१९ मध्ये पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी देणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैमध्ये जोलारपेट येथून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात अनेक बागा तांदूळ-डाळ धुतलेल्या पाण्यावर जगल्या. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर कर्दळ आणि केळ लावण्याची चेन्नईतील जुनी पद्धत अशा वेळी उपयोगी पडते. मात्र या पाण्यात तीव्र रसायने नसावीत.

उघड्या, पालापाचोळ्याने झाकलेल्या मातीत पाऊस मुरतो. फरशीवरून तो थेट रस्त्यावर धावतो. एका आवाराने शहराचा पूर थांबत नाही, हे खरे. परंतु आपल्या विहिरीतील किंवा कूपनलिकेतील पाण्याची पातळी शेजारच्या आवारांतील मातीवरही अवलंबून असते.

१२ डिसेंबर २०१६ रोजी धडकलेल्या वर्धा चक्रीवादळात शहरातील हजारो झाडे उन्मळून पडली. गुलमोहरासारखी शोभेची विदेशी झाडे त्यांत मोठ्या प्रमाणावर होती. मुळांभोवती सिमेंट असलेल्या झाडांना आधार मिळत नाही, हेही त्या दिवशी दिसून आले. नवे झाड लावताना करंज, बकुळ, जांभूळ, उंडी, कडुनिंब अशा या किनारपट्टीच्या सवयीच्या झाडांचा विचार व्हावा आणि बुंध्याभोवती किमान तीन-चार फूट माती उघडी ठेवावी, असे सुचविले जाते.

सुरुवात कोठून करावी

ओळख वाढविण्यासाठी शहरात मार्गदर्शनही उपलब्ध आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेली मद्रास नॅचरलिस्ट्स सोसायटी आणि २००५ पासून वृक्षसंवर्धनाचे काम करणारी ‘निळल’ ही संस्था या क्षेत्रात परिचित आहेत. सुमारे २.७ चौरस किलोमीटरचे गिंडी राष्ट्रीय उद्यान शहराच्या मूळ झुडपी रानाचे स्वरूप दाखविते. त्या रानातील अनेक वनस्पती घराच्या कुंपणावर पुन्हा भेटतात.

पहिल्या वर्षी फार काही करण्याची आवश्यकता नाही. पाऊस सुरू झाल्यावर बागेचा एक कोपरा किंवा एक मोठी कुंडी तीन आठवडे न खुरपता ठेवावी. तेथे काय उगवते, त्यावर कोण येऊन बसते, याची वहीत नोंद करावी आणि प्रत्येक रोपाचे नाव शेजाऱ्यांना किंवा भाजीवाल्या आजींना विचारावे. तमिळ नावासमोर मराठी नाव लिहिता आले की निम्मे काम झाले. त्यानंतर गाजरगवत उपटावे, बशा घासाव्यात, गोगलगाई वेचाव्यात. उरलेल्यांपैकी कोणाला राहू द्यायचे, हे तोवर बहुतेकांच्या ध्यानात आलेले असते.